हात रिकामे राहिले तरी



आपल्या खेड्यापाड्यांतून एक प्रश्न वारंवार कानी पडतो. म्हाताऱ्या वडिलांच्या आजारात मुलाने बैलजोडी विकली, शहरातल्या डॉक्टरांचे उंबरठे झिजविले आणि तरीही वडील गेले, म्हणजे ओटीवर बसलेले चार लोक हळूच म्हणतात, "एवढे केले, पण उपयोग काय झाला?" शेजाऱ्याचे पोर ओढ्याच्या पुरात वाहून चालले असता एखादा तरुण जिवावर उदार होऊन उडी घालतो आणि रिकाम्या हातांनी काठावर येतो. त्याच्याविषयीही चार दिवसांनी हाच प्रश्न निघतो. तो दुष्टपणाने विचारला जातो असे आम्ही म्हणत नाही. पेरले किती आणि पिकले किती, या हिशेबात ज्याचे आयुष्य जाते त्याच्या तोंडी तो सहजच येतो. परंतु धान्य मोजण्याचे माप माणसाच्या प्रीतीला लावता येते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी या आठवड्यात आम्ही एका तरुण विमानवीराची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. पिकाच्या मापाने पाहिले तर त्याची अखेरची धडपड सर्वस्वी वाया गेली.

त्याचे नाव अँड्र्यू मिनार्स्की. कॅनडा देशाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेग नावाचे मोठे शहर आहे. तेथे १४ ऑक्टोबर १९१६ रोजी त्याचा जन्म झाला. त्याचे आईबाप पोलंडहून आलेले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, कडाक्याच्या थंडीत त्यांना संसार उभा करावा लागला होता. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना वडील वारले. घरात पैशाची चणचण होती, तेव्हा पोराने कातडी कापण्याचे काम धरले आणि घराला हातभार लावला. थोरल्या माणसाच्या मागे घराचे ओझे अकाली खांद्यावर घेणारी मुले आपल्याही गावांत आहेत. म्हणून या मुलाला ओळखण्यास आपल्याला त्याचा देश पाहिलेला असण्याची गरज नाही.

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. त्यात पहिला घाव बसला तो पोलंडवर, म्हणजे याच्या आईबापांच्या जन्मभूमीवर. १९४१ साली अँड्र्यू कॅनडाच्या वायुदलात भरती झाला. तेथे त्याला मशीनगन चालविण्याचे शिक्षण मिळाले. १९४३ साली तो समुद्रापलीकडे इंग्लंडला पोहोचला आणि पुढच्या वर्षी ४१९ क्रमांकाच्या कॅनेडियन स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाला. या पथकाचा तळ इंग्लंडच्या ईशान्य भागात मिडलटन सेंट जॉर्ज या गावी होता.

त्याच्या वाट्याला आलेले विमान लँकेस्टर जातीचे होते. चार इंजिनांचे हे अवजड बाँबफेकी विमान रात्रीच्या अंधारात उडे आणि त्यात सात माणसे असत. पुढच्या भागात वैमानिक, इंजिनांवर देखरेख करणारा, मार्ग दाखविणारा, बिनतारी संदेश पाहणारा आणि बाँब सोडणारा, असे पाच जण. सहावा विमानाच्या पाठीवरील काचेच्या फिरत्या घुमटीत बंदुका घेऊन बसे. ती जागा मिनार्स्कीची होती. सातवा अगदी शेपटाच्या टोकाला, अशाच दुसऱ्या घुमटीत. सर्वांत एकाकी जागा ती! आठआठ तास गारठ्यात, पाठ सोबत्यांकडे आणि तोंड मागच्या काळोखाकडे करून, शत्रूचे विमान येते काय हे पाहत बसावयाचे. त्या जागी पॅट ब्रॉफी नावाचा दुसरा कॅनेडियन तरुण होता.

ब्रॉफी आणि मिनार्स्की यांची गाढ मैत्री जमली होती. ब्रॉफीला अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला होता आणि मिनार्स्की त्याच्याहून खालच्या पायरीवर होता. मैत्रीत हुद्द्याला कोण विचारतो! परंतु रात्री निरोप घेताना मिनार्स्की मुद्दाम ताठ उभा राही, खाडकन सलाम ठोकी आणि म्हणे, "गुड नाइट, सर!" मग दोघेही हसत. ही थट्टा वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे मोल फार वाढले.

६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्यांच्यावर चालून जाणाऱ्या जर्मन फौजांना रेल्वेने कुमक पोहोचू नये म्हणून फ्रान्समधील रेल्वेची ठाणी रात्रीमागून रात्र उद्ध्वस्त करण्यात येत होती. १२ जूनच्या रात्री मिनार्स्कीच्या विमानाला उत्तर फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वेच्या यार्डावर जाण्याचा हुकूम झाला. ही त्या चमूची तेरावी मोहीम होती आणि मध्यरात्र उलटताच १३ तारीख लागणार होती. पाश्चात्त्य लोक तेरा हा आकडा अशुभ समजतात, तसेच चार पानांचे क्लोव्हर नावाचे गवत सापडले की भाग्य उजळते असे मानतात. कारण त्या गवताला सहसा तीनच पाने असतात. उड्डाणापूर्वी सारे जण विमानाजवळ हिरवळीवर बसले असता मिनार्स्कीला चार पानांची एक काडी सापडली. ती त्याने स्वतःजवळ न ठेवता ब्रॉफीच्या हाती दिली आणि ती घेण्याचा आग्रह धरला. अशा शकुनअपशकुनांवर आमचा विश्वास नाही आणि आमच्या वाचकांचाही नसावा. परंतु शकुन खोटा असला तरी देणारा हात खरा होता. जे भाग्याचे वाटले ते त्याने मित्राला देऊन टाकले, एवढे आम्ही पाहतो.

मध्यरात्रीनंतर, फ्रान्सच्या भूमीवर असताना, जर्मनांच्या एका लढाऊ विमानाने मागून व खालून येऊन लँकेस्टरवर गोळ्यांचा मारा केला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने बंद पडली. डाव्या पंखाला आग लागली. दुसरी आग विमानाच्या पोटात, मिनार्स्कीची घुमटी आणि शेपटाकडील ब्रॉफीची घुमटी यांच्या मधोमध भडकली. विमान आवरेना. आर्ट द ब्रेन या वैमानिकाने सर्वांना हवाई छत्र्या घेऊन उड्या टाकण्याचा हुकूम दिला. पुढची माणसे एकामागून एक बाहेर पडू लागली.

मिनार्स्की आपल्या जागेवरून उतरला आणि बाहेर पडण्याच्या दारापाशी आला. छत्री अंगावर होती, दार हाताशी होते, हुकूमही मिळालेला होता. एक पाऊल टाकले असते तर तो सुटला असता आणि त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु त्याने शेपटाकडे पाहिले. आगीच्या पलीकडे ब्रॉफी घुमटीत अडकला होता. ती घुमटी इंजिनाच्या जोरावर, तेलाच्या दाबाने फिरत असे. इंजिने बंद पडल्याने ती आडवी अडकून बसली, आणि ती सरळ फिरल्यावाचून आतल्या माणसाला बाहेर येता येत नसे. हाताने फिरविण्यासाठी एक दांडा होता, तो ब्रॉफीच्या धडपडीत मोडून गेला.

मिनार्स्की दारापासून मागे वळला. मधल्या ज्वाळांतून तो वाट काढीत गेला. त्याच्या अंगावरील कपडे कमरेपर्यंत पेटले, छत्रीही पेटली. जवळच्या कुऱ्हाडीने त्याने घुमटीवर घाव घातले, कुऱ्हाड चालेना तेव्हा हातांनी ओढाताण केली. घुमटी हलली नाही. विमान वेगाने खाली जात होते. तेव्हा आत अडकलेल्या ब्रॉफीने त्याला हाताने खुणावले की, आता तुझ्याने काही होणार नाही, तू जा, आपला जीव वाचव.

मिनार्स्की माघारी निघाला. मित्राकडे पाठ करून जाणे त्याच्याने होईना, म्हणून ब्रॉफीकडे तोंड ठेवूनच तो आगीतून मागे मागे सरकत दारापाशी गेला. तेथे, अंगावरील कपडे जळत असताना, तो ताठ उभा राहिला आणि त्याने ब्रॉफीला सलाम केला. मग त्याने उडी टाकली. इंजिनांच्या आणि आगीच्या आवाजात शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. परंतु त्याचे ओठ हललेले ब्रॉफीने पाहिले. ते शब्द कोणते हे त्याला ऐकावे लागले नाही. रोज रात्री निरोप घेताना जे म्हणावयाचे तेच ते शब्द होते.

फ्रेंच लोकांनी पेटता माणूस आकाशातून उतरताना पाहिला. मिनार्स्की जमिनीवर जिवंत पोहोचला, परंतु इतका भाजला होता की थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला. त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. फ्रान्समधील मेआरिकूर या लहानशा गावच्या दफनभूमीत त्याला पुरले आहे.

आणि ब्रॉफी? पोटात बाँब घेऊन विमान शेतात कोसळले. कोसळताना डावा पंख झाडावर आदळला, हिसक्याने शेपटाकडील घुमटी फुटली आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. ज्याला वाचविणे अशक्य म्हणून मिनार्स्की माघारी फिरला, तो जवळजवळ विनाजखम उठून बसला! सातांपैकी बाकीचे सहाही जण वाचले. त्यांतील काही शत्रूच्या हाती लागले. इतरांना फ्रेंच लोकांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून लपविले. त्यात ब्रॉफीही होता. सप्टेंबरात तो इंग्लंडला परतला, तेव्हा त्याला मिनार्स्कीचा मृत्यू कळला.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. ब्रॉफी वाचला तो मिनार्स्कीच्या कुऱ्हाडीमुळे नव्हे. तो झाडावर बसलेल्या हिसक्यामुळे वाचला. मिनार्स्की दारातूनच निघून गेला असता तरी ब्रॉफी वाचलाच असता, आणि मिनार्स्कीही बहुधा वाचला असता. हिशेबी माणूस म्हणेल, पाहा, त्याचा काहीएक उपयोग झाला नाही, उलट एक जीव फुकट गेला. ओटीवरचा प्रश्न येथे पूर्ण जोराने उभा राहतो.

त्याचे उत्तर प्रथम त्याच्या सोबत्यांनी दिले. विमानाच्या मागच्या भागात काय घडले हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तोच ज्याला मृत्यू अटळ वाटला होता. ब्रॉफी मेला असता तर मिनार्स्की हा आगीत सापडलेल्या हजारोंपैकी एक म्हणून नोंदला गेला असता. १९४५ साली ब्रॉफीची आपल्या वैमानिकाशी भेट झाली. त्याने ती हकीकत सांगितली आणि वैमानिकाने वरिष्ठांकडे शिफारस केली. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यातील शौर्याचा तो सर्वोच्च सन्मान होता. सन्मानपत्रात घुमटी उघडली नाही ही गोष्ट लपविलेली नाही. या कामात आपला प्राण जाणार हे ठाऊक असूनही त्याने ते पत्करले, एवढेच त्यात मोजले आहे.

बेळगावकडील आमच्या वाचकांना हा सन्मान अनोळखी नाही. मराठा पलटणीच्या दोन जवानांनी याच युद्धात इटलीमध्ये तो मिळविला. नाईक यशवंत घाडगे हे मिनार्स्कीनंतर महिन्याभरात, १० जुलै १९४४ रोजी, धारातीर्थी पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी गोळ्यांच्या वर्षावात दोन घायाळ सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून पाठीवर वाहून सुरक्षित जागी आणले. जाधवांच्या पाठीवरचे सोबती वाचले, मिनार्स्कीच्या हाताला मात्र काही लागले नाही. पदक दोघांना एकच मिळाले. जगाचे युद्धखाते हे काही हळव्या अंतःकरणाचे ठिकाण नव्हे. तेथेदेखील फळावरून किंमत ठरली नाही, हे आपण पाहावे.

हे सांगताना युद्धाची थोरवी गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ज्या विमानात ही प्रीती प्रकट झाली त्याच विमानाच्या पोटात बाँब होते, आणि बाँब केवळ रुळांवर पडत नसतात. त्या युद्धात मित्रराष्ट्रांच्याच बाँबखाली पन्नास हजारांहून अधिक फ्रेंच नागरिक मृत्यू पावले, आणि जर्मन शहरांतील मृतांची संख्या तर याच्या कितीतरी पट आहे. बाँबफेकी विमानांतून उडालेल्या सुमारे १,२५,००० तरुणांपैकी ५५,५७३ परत आले नाहीत. त्यांतील बहुतेक विशीच्या आसपासचे होते. एवढ्या घरांतील आयांनी दाराकडे डोळे लावले आणि दारात तार आली. युद्ध हे पाप आहे, आणि त्या पापाच्या पोटातही माणूस माणसाला विसरला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकण्याचे कारण नाही.

आता या हकीकतीतील तीन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

पहिली गोष्ट मिनार्स्कीच्या मागे वळण्याची. त्याने यशाची खात्री करून घेऊन आगीत पाऊल टाकले नाही. सोबती पलीकडे आहे, एवढे त्याला पुरेसे झाले. यश आपल्या हाती नसते. मागे वळणे तेवढे आपल्या हाती असते आणि त्याचाच जाब आपल्याला द्यावयाचा आहे.

दुसरी गोष्ट ब्रॉफीची, आणि ती सांगताना लोक बहुधा विसरतात. जळत्या विमानात कोंडलेल्या माणसाने एकुलत्या एका सोबत्याला "तू जा" म्हणून खुणावणे हे लहान काम नव्हे. बुडणारा माणूस वाचविणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो, हा निसर्ग आहे. याने मिठी सोडली. त्या अरुंद जागेत आगीच्या दोन बाजूंना दोन प्रीती समोरासमोर उभ्या होत्या. एक म्हणत होती, मी तुला सोडणार नाही. दुसरी म्हणत होती, मला सोड. आमच्या घरांतून अंथरुणाला खिळलेली वडील माणसे कधी कधी मुलांना म्हणतात, "माझ्यासाठी आणखी कर्ज काढू नका." तेव्हा तीही हीच खूण करीत असतात. मुलांनी ते रुसवे समजू नये, तो त्यांचा आशीर्वाद असतो.

तिसरी गोष्ट सलामाची. आम्हाला ती सर्वांत मोठी वाटते. कुऱ्हाड हरली, हात हरले, आता देण्यासारखे काही उरले नव्हते. जेव्हा काही करता येत नाही तेव्हा माणसाला लाज वाटते आणि तो तोंड फिरवून निघून जातो. मिनार्स्कीने तोंड फिरविले नाही. जे देता येण्यासारखे होते, म्हणजे सन्मान, मैत्री आणि रोजचा निरोप, ते त्याने दिले. तू एकटा मरत नाहीस, मी तुला पाहिले आहे, असे त्याने जळत्या अंगाने सांगितले.

आम्हा पुरोहितांना मृत्युशय्येपाशी जाण्याचे प्रसंग नित्य येतात. तेथे एक गोष्ट पाहून मन खिन्न होते. दुखणे बरे होण्याजोगे असते तोवर घरात माणसांची रीघ असते. कोणी काढा सुचवितो, कोणी गाडी जुंपून देतो, कोणी पैसे पुढे करतो. डॉक्टरांनी मान हलविली की रीघ आटते. लोक निष्ठुर झालेले नसतात. "जाऊन आता काय करणार? काय बोलणार?" या संकोचाने त्यांचे पाय अडखळतात. आणि जेव्हा त्या आजाऱ्याला माणसाची खरी गरज असते, नेमक्या तेव्हाच त्याला भिंतीकडे पाहत पडावे लागते. अशा वेळी औषध घेऊन जावयाचे नसते, शहाणपणाचे शब्दही न्यावयाचे नसतात. जाऊन समोर उभे राहावयाचे, हात हाती घ्यावयाचा, रोजच्यासारखे नावाने हाक मारावयाची, आणि जमेल तर जुनी एखादी थट्टा करावयाची. एवढे पुरे असते. ब्रॉफीने तो निरोप जन्मभर जपला.

मिनार्स्कीची आठवणही लोकांनी जपली आहे. त्याच्या गावी त्याच्या नावाची शाळा आहे, मॅनिटोबा प्रांतात त्याच्या नावाची सरोवरे आहेत. ज्या तळावरून तो अखेरचा उडाला तेथे आता विमानतळ असून २००५ साली तेथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. त्या घडीचे जुने लँकेस्टर विमान कॅनडातील हॅमिल्टन येथील संग्रहालयाने दुरुस्त करून उडते केले आणि मिनार्स्कीच्या स्मृतीला वाहिले. २०१४ साली ते अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडला गेले आणि तेथल्या जोडीदार विमानाबरोबर उडाले. हजारोंनी बांधलेल्या त्या जातीपैकी उडणारी तेवढी दोनच उरली होती. त्यांच्या पोटात आता बाँब नसतात. लोक माना वर करून पाहतात आणि एका तरुणाचे नाव घेतात.

ज्यांनी आपल्या माणसासाठी केले आणि ज्यांचे माणूस तरीही गेले, अशी घरे आमच्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, तुमचे करणे वाया गेलेले नाही. ज्याच्यासाठी केले त्याने ते पाहिले आहे. आणि ज्यांच्या शेजारी असे एखादे दुखणे आज अंथरुणावर आहे त्यांनी हा अंक मिटून ठेवावा आणि अंधार पडण्यापूर्वी त्या घरी एक खेप घालून यावी.